क्रूझवर फोन वापरायचा तर आधी तासांचा हिशेब करा, पॅकचं नंतर

निपाणीच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आम्ही दोघं दिवाळीनंतर सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघालोय. वाटेत पेनांग आणि फुकेत आहे. मुलगा पुण्याहून सांगतो, इंटरनॅशनल पॅक मारा. जावई म्हणतो, कशाला, जहाजावर वायफाय असतंय. मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणतो, तिकडचं सिम घ्या. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, धाकट्या भावाकडे खानापूरला असते. तिची खुशाली रोज कळली पाहिजे. बाकी आम्हाला फोनचं वेड नाही. कमी खर्चात कसं जमवायचं?"

सर, तिघंही खरं बोलतायत, पण प्रत्येकजण वेगळ्या जागेचं बोलतोय. मुलगा बंदरावरचं सांगतोय, जावई जहाजावरचं, दुकानातला पोरगा शहरातलं. तुमचा फोन त्या चार-पाच दिवसांत या तिन्ही जागी असणार आहे आणि शिवाय चौथ्या एका जागी, जिचं नाव कुणीच घेतलं नाही. बिलं फुगतात ती तिथंच. मी बेळगावातून सहली नेतो, त्यांत क्रूझच्याही असतात. जहाज सुटायच्या आधी मी लोकांना डेकवर गोळा करून जे सांगतो तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. जुने दिवस आठवा. बाचीत कर्नाटकचा टॉवर आणि पुढं शिनोळीत महाराष्ट्राचा. चोर्ल्याला निघालं की घाटात कधी गोव्याकडचा टॉवर लागायचा ते कळायचंही नाही. माणूस आपल्याच अंगणात उभा, आणि फोनवर रोमिंग. येणाऱ्या कॉललाही पैसे कापायचे, म्हणून लोक फोन हातात घेऊन माळ्यावर जायचे, आपल्या बाजूची रेंज शोधायला. निपाणी-कोगनोळीच्या बाजूला तर हे रोजचंच होतं, तुम्हाला सांगायला नको. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, पुढच्या वर्षी बाकीच्यांनीही देशातलं रोमिंग काढून टाकलं आणि तो त्रास संपला. फोनची खोड मात्र तीच आहे: ज्याचा सिग्नल हाती लागेल तो तो पकडतो, तुम्हाला विचारत नाही. ती चौथी जागा म्हणजे भर समुद्र, आणि तिथं हीच खोड महागात जाते.

कारण बऱ्याच मोठ्या जहाजांवर त्यांचा स्वतःचा मोबाईल टॉवर असतो. टॉवर म्हणजे काही उंच मनोरा नव्हे. जिन्यापाशी, कॉरिडॉरच्या छतात लहान अँटेना बसवलेल्या असतात आणि त्या उपग्रहामार्फत जमिनीशी जोडलेल्या असतात. जहाज बंदरात असताना हा टॉवर बंद ठेवतात, कारण तिथं त्या देशाच्या कंपन्यांचा हक्क. किनाऱ्यापासून साधारण बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर बाहेर गेलं की तो चालू होतो. तुम्ही तेव्हा जेवणाच्या टेबलावर असता, फोन खिशात असतो. किनाऱ्याची रेंज गेलेली असते आणि फोन मुकाट्यानं या नव्या टॉवरला जाऊन चिकटतो.

तो चिकटला हे ओळखायचं कसं? प्रत्येक देशाच्या मोबाईल नेटवर्कला एक आकडा दिलेला असतो. भारताचा ४०४ आणि ४०५, सिंगापूरचा ५२५, मलेशियाचा ५०२, थायलंडचा ५२०. जहाजावरचे टॉवर कुठल्याच देशाचे नाहीत, म्हणून त्यांचा आकडा ९०१. फोनच्या डोक्यावर एरवी कंपनीचं नाव दिसतं तिथं '९०१-१८' किंवा '९०१-१२' असं काहीतरी दिसलं, किंवा 'सेल्युलर ॲट सी' असं नाव आलं, की समजा तुम्ही उपग्रहाच्या मीटरवर बसलात. काही फोन नुसतं कंपनीचं नाव दाखवतात, त्यामुळे केवळ या आकड्यावर विसंबू नका.

आता मुलाच्या सल्ल्यातली मेख. तुम्ही जो इंटरनॅशनल पॅक घ्याल तो देशांच्या यादीवर चालतो. सिंगापूर आहे, मलेशिया आहे, थायलंड आहे. ९०१ हा देशच नाही, म्हणून तो सहसा त्या यादीत नसतो. पॅक असूनही जहाजावरच्या टॉवरवर झालेला वापर पॅकबाहेरच्या दरानं लागतो आणि तो दर एमबीच्या आणि मिनिटाच्या हिशेबानं असतो. युरोपातही हेच आहे. तिथं २०१७ पासून युनियनमधल्या देशांत घरच्याच दरानं रोमिंग चालतं, पण जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला तो नियम लागू नाही.

आमच्या एका ग्रुपमध्ये शहापूरचे एक व्यापारी होते, पोस्टपेड कार्डवाले. दिवसभर त्यांनी फोन खिशाबाहेर काढला नव्हता. रात्री केबिनमध्ये चार्जिंगला लावला आणि झोपले. त्या दिवशी काढलेले फोटो-व्हिडिओ फोन आपलेआप वर चढवत बसला, कारण 'चार्जिंगवर असताना बॅकअप' ही सोय चालू होती आणि डेटा रोमिंगही. घरी आल्यावर पाच आकडी बिल. "मी एक कॉल केलेला नाही ओ, वापरला कुणी?" हे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. फोननंच वापरला. म्हणून खर्च वाचवायचा म्हणजे कमी बोलायचं, असा हिशेब इथं चालत नाही. फोनला कुठला टॉवर पकडू द्यायचा हे तुम्ही ठरवलं की अर्धं काम झालं.

त्यामुळे पहिला नियम: सिंगापूरच्या धक्क्यावर जहाजात पाऊल टाकलं की फ्लाइट मोड चालू. नुसता 'मोबाईल डेटा बंद' केलं तर इंटरनेट थांबतं, पण फोन टॉवरला लागलेलाच राहतो आणि कॉल उचलला गेला तर पैसे लागतात. फ्लाइट मोडमध्ये सिमचा विषयच मिटतो. त्यातच वायफाय वेगळं चालू करता येतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. विमानाचं चित्र दाबा, मग वायफायचं चित्र दाबा. वर विमान आणि शेजारी वायफायची कमान, दोन्ही एकदम दिसली की बरोबर. घड्याळ, कॅमेरा, गजर, जीपीएस सगळं चालतं. निघायच्या आधी निपाणीत घरीच दोन-चारदा करून बघा, वहिनींनाही दाखवा. तिथं गडबडीत शिकायला लावलं तर माणूस वैतागतो.

आता पैशाकडे येऊ. कुठला पॅक घ्यायचा हे मी आधी सांगतच नाही, आधी कागद घ्यायला लावतो. तुमच्या बुकिंगवर जहाजाच्या वेळा छापलेल्या असतील. या मार्गावरच्या चार रात्रींच्या सहली बहुधा अशा असतात: पहिल्या दिवशी संध्याकाळी सिंगापूर सोडायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी पेनांग, रात्री निघून तिसऱ्या दिवशी फुकेत, चौथा दिवस पूर्ण समुद्रात, पाचव्या दिवशी सकाळी परत सिंगापूर. तुमच्या कागदावर वेळा वेगळ्या असतील तर त्या धरा. त्यातून झोपेचे तास काढा. बंदरातले तास काढा. उरलं काय? पहिल्या दिवसाची संध्याकाळ, दुसऱ्या दिवसाची सकाळ आणि चौथा दिवस. म्हणजे चार रात्रींच्या सहलीत, खऱ्या अर्थानं तुटलेला असा एकच दिवस. तेवढ्यासाठी दोघांच्या नावावर पूर्ण प्रवासाचं वायफाय घ्यायचं कारण नाही.

शिवाय हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाचं सुमात्रा. सिंगापूरजवळ तर पाणी इतकं अरुंद की निघाल्यावर बराच वेळ किनाऱ्यावरचे दिवे दिसत राहतात आणि जमिनीवरच्या टॉवरची रेंजही येत-जात राहते. तेव्हा लोकांना वाटतं, अरे वा, फुकटात लागतंय की! इथं एक खाच आहे. सिंगापूरच्या दक्षिणेला समोरच इंडोनेशियाचं बाटम बेट आहे. तिथला टॉवर डेकवर सहज पकडतो. तुमच्या पॅकच्या यादीत इंडोनेशिया नसेल तर तो सिग्नल भरलेला असूनही तुमच्या कामाचा नाही, उलट पॅकबाहेरचा खर्च. म्हणून पॅक घेताना तीन नव्हे, चार देश विचारा. आणि ज्यांना डेकवरून किनाऱ्याची रेंज वापरायचीच आहे त्यांनी सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्कमध्ये जाऊन 'नेटवर्क आपोआप निवडा' हे बंद करावं आणि समोर येणाऱ्या यादीतून हवी ती कंपनी हातानं निवडावी. तुम्हाला मात्र मी हे करा म्हणणार नाही. एक सेटिंग बदलायला जायचं आणि दुसरं बिघडवून ठेवायचं, असं होतं. तुमच्यासाठी फ्लाइट मोड सरळ.

वायफायचं काय? जावयाचं म्हणणं बरोबर आहे, वायफाय असतं. फुकट असतं असं मात्र नाही. जहाजाच्या वायफायला जोडलं की जहाज कंपनीचं ॲप बहुधा मोफत उघडतं. त्यात जेवणाच्या वेळा, कार्यक्रम, तुमच्या खात्यावरचा खर्च दिसतो. बाहेरच्या जगाशी बोलायला, म्हणजे व्हॉट्सॲपला, पैसे भरावे लागतात. दर जहाजानुसार बदलतो. मोठ्या कंपन्यांचं दिवसाला एका उपकरणाचं साधारण पंधरा ते तीस डॉलरच्या दरम्यान कुठेतरी बसतं. निघायच्या आधी ऑनलाइन घेतलं तर पुष्कळदा स्वस्त पडतं, पण तेव्हा बरेचदा पूर्ण प्रवासाचंच विकतात. एका दिवसाचं, चोवीस तासांचं, काही जहाजांवर चढल्यावर मिळतं, काहींवर मिळतच नाही. म्हणून बुकिंग करणाऱ्याला हा एकच प्रश्न आताच विचारा: या जहाजावर एका दिवसाचं वायफाय मिळतं का? मिळत असेल तर चौथ्या दिवशी सकाळी एकाच फोनवर घ्या. 'चोवीस तास' म्हणजे सुरू केल्यापासून चोवीस तास की मध्यरात्रीपर्यंत, हे काउंटरवर विचारून मगच बटण दाबा. आदल्या रात्री दहा वाजता घेऊन दोन तासांत संपवलेले लोक मी पाहिलेत.

एक उपकरण म्हणजे एका वेळी एक फोन. एकावरून लॉगआउट केलं की पुष्कळ जहाजांवर त्याच पॅकवर दुसरा फोन जोडता येतो. नवरा-बायकोला एक पुरतं. मिनिटांवर विकणारी जहाजं आता कमी झालीत, पण तुमचं तसं निघालं तर काम झाल्यावर लॉगआउट करायलाच हवं, नुसता फोन खिशात टाकून भागत नाही, मिनिटं पळत राहतात.

वेग कसा मिळेल हे जहाज कुठला उपग्रह वापरतं त्यावर आहे. जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर असतात. सिग्नल जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. व्हिडिओ कॉलवर तुम्ही "आई, जेवलीस काय?" म्हणता आणि उत्तर यायच्या आत पुन्हा विचारता, मग दोघांचं एकदम सुरू होतं. आता रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांनी २०२२ पासून स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट बसवायला घेतलं. ते उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे बोलणं बरंच सरळ होतं. तरीही जेवणानंतर सगळे एकदम ऑनलाइन येतात तेव्हा अडखळतंच. सकाळी लवकर केलेला कॉल चांगला लागतो. पण वेळेचा फरक धरा: सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. तुमचे सकाळचे साडेआठ म्हणजे खानापुरात सहा. आईंच्या चहाची वेळ असेल तर उत्तमच.

व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा, ॲपचे अपडेट बंद करा, फोटोंचा बॅकअप बंद करा. हे फक्त जहाजासाठी नाही, बंदरावरच्या रोमिंग पॅकलाही लागू. सोसायटीच्या आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळी जे सुप्रभात येतात त्यांतच अर्धा डेटा जातो.

बंदरावर काय करायचं, तिकडचं सिम की आपला पॅक? इथं माणसागणिक उत्तर बदलतं. तरुण पोरं असतील, फोनमध्ये ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच बसणारं सिम) चालत असेल, तर सिंगापूर-मलेशिया-थायलंड तिन्हीत चालणारं डेटाचं ई-सिम स्वस्त पडतं. ते घरूनच घालता येतं. भारतातलं सिम कॉल-मेसेजसाठी जागेवर राहतं, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवायचं. तुमच्या फोनमध्ये ई-सिम नसेल तर सिंगापूर विमानतळावर पासपोर्ट दाखवून प्रवाशांचं सिम मिळतं. ते घेताना मलेशिया आणि थायलंडमध्ये चालतं का हे विचारायचं, नाहीतर पेनांगला उतरल्यावर ते नुसता प्लॅस्टिकचा तुकडा.

पण साठी ओलांडलेल्या माणसाला मी शक्यतो सिम बदलायला लावत नाही. पिननं सिम काढायचं, ते नखाएवढं सिम पाकिटात जपून ठेवायचं, आणि ते हरवलं की बेळगावात परत येईपर्यंत बँकेचे ओटीपी बंद. शिवाय पैसे देण्याची काही ॲप्स सिम काढलेलं दिसलं की पुन्हा नोंदणी मागतात, ती नोंदणी त्याच सिमवरून एसएमएस पाठवून होते. परदेशात बसून हा खेळ कशाला? आणि कुणाच्या सांगण्यावरून सिम बदललंच, तर व्हॉट्सॲप विचारेल नंबर बदलायचा का, 'नाही' म्हणायचं. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालत राहतं.

म्हणून तुमच्यासाठी: एकाच फोनवर, तुमच्या, आपल्याच कंपनीचा कमी दिवसांचा रोमिंग पॅक. तो चालू करताना दुकानात किंवा कस्टमर केअरला नुसतं "इंटरनॅशनल पॅक द्या" म्हणू नका. मुदत रिचार्ज केल्या क्षणापासून धरतात की परदेशी नेटवर्क पहिल्यांदा लागल्यावर, हे विचारा. येणारे कॉल त्यात धरलेत का, येणारे एसएमएस मोफत आहेत का, हेही. देशांची यादी तर आहेच. कार्ड प्रीपेड असेल तर एक बरं असतं: चुकून काही झालं तरी जाईल ते शिल्लक रकमेपुरतं. पोस्टपेड असेल तर पॅकबाहेरच्या वापराला मर्यादा लावून द्या म्हणून कंपनीला लेखी सांगा, ॲपमधून मेसेज केला तरी चालतो, पुढं वाद झाला तर कागद हाताशी असतो.

सिंगापुरात जहाजाच्या आधी-नंतर मुक्काम असेल तर पॅकचे दिवस त्यातच निम्मे जातात, म्हणून मुदत मोजताना तेही धरा. हॉटेलात वायफाय असतंच. पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्यालाच लागतं, उतरलं की शहर समोर. तिथं उतरल्यावर फ्लाइट मोड काढा, पाच मिनिटं थांबा, मेसेज येऊन पडतील, आईंशी बोला. परत जहाजावर चढताना पुन्हा फ्लाइट मोड. फुकेतला मोठी जहाजं बहुधा पाटाँगसमोर नांगर टाकतात आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्यामुळे जहाजावरूनच थायलंडची रेंज येते. त्या दिवशी चालायचा कंटाळा आला तरी डेकवरून बोलणं होईल.

फुकेतचा विषय निघालाच आहे तर घड्याळ. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागं आहे. जहाजाची वेळ बहुधा सिंगापूरचीच ठेवतात, स्पीकरवर जाहीर करतात. फोननं थायलंडचा टॉवर पकडला की घड्याळ आपलंआप एक तास मागं जातं. फोनवर चार वाजलेत म्हणून तुम्ही किनाऱ्यावर निवांत शहाळं पीत बसाल आणि जहाजाच्या हिशेबानं पाच वाजून गेलेले असतील. शेवटची बोट कुणासाठी थांबत नाही. 'वेळ आपोआप' हे सेटिंग बंद करा, किंवा मनगटावर साधं घड्याळ बांधा. मी दुसरंच करतो.

ओटीपीचं निघायच्या आधी उरकायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून आपली कार्डं सुरुवातीला फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात, परदेशातला वापर आपण स्वतः चालू करावा लागतो. ते घरी बसून करा, मर्यादाही ठरवून टाका. जहाजावर चढताना एकदा कार्ड जोडलं किंवा रोख अनामत भरली की पुढचा सगळा खर्च, वायफायसुद्धा, केबिनच्या खात्यावर पडतो आणि प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही. मुदत ठेव मोडणं, विम्याचा हप्ता, लाइटबिल असलं काही त्या आठवड्यात येत असेल तर आधीच भरून टाका. समुद्रात फ्लाइट मोडवर असताना एसएमएस येणार नाही, आणि ओटीपीसाठी दोन मिनिटं म्हणून सिम चालू करायला जाणं म्हणजे पुन्हा त्या ९०१ च्या दारात.

वायफाय कॉलिंग नावाची सोय काही फोनवर असते. जहाजाच्या वायफायवरून आपल्याच नंबरावर कॉल आल्याची उदाहरणं आहेत. पण काही जहाजं ते अडवतात आणि परदेशातून त्याचा दर काय लागेल हे कंपनीगणिक वेगळं असतं. आईंच्या खुशालीसारख्या गोष्टीसाठी मी त्यावर विसंबणार नाही. साधा व्हॉट्सॲप कॉल बरा.

आता खरा मुद्दा, आईंचा. तुम्ही खर्चाचा प्रश्न विचारलाय, पण त्याच्याखाली काळजी ही आहे की मधल्या तासांत काही झालं तर कळणार कसं. त्याला फोनचा पॅक हे उत्तरच नाही. धाकट्या भावाकडे एका कागदावर लिहून द्या: जहाजाचं नाव, जहाज कंपनीचा आणीबाणीचा नंबर, तुमचा बुकिंग नंबर, चढल्यावर मिळालेला केबिन नंबर, आणि ज्यानं सहल बुक केली त्याचा नंबर, रात्री उचलणारा. तसंच काही घडलं तर कंपनीच्या ऑफिसमधून जहाजावर निरोप जातो आणि केबिनमधला फोन वाजतो. तो निरोप तुमच्या मोबाईलवर किंवा पॅकवर अवलंबून नसतो. हा कागद मी प्रत्येक ग्रुपमध्ये सगळ्यांच्या घरी पाठवायला लावतो.

भावाला हेही सांगून ठेवा की रोज दोन वेळा मेसेज टाकायचा, सकाळी आणि रात्री, "आई बरी आहे, जेवली" एवढाच, उत्तराची वाट बघायची नाही. एक टिक दिसली तर घाबरायचं नाही, तुम्ही पाण्यावर आहात. वायफाय किंवा बंदर लागलं की ते सगळे मेसेज क्रमानं येतात. लोक करतात उलटं. "पोहोचलात का? फोन का लागत नाही?" म्हणून घरचेच हैराण होतात, आणि त्यांना शांत करायला इकडचा माणूस फ्लाइट मोड काढतो.

आपल्याकडचे पुष्कळ लोक मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपच्या क्रूझला जातात, त्यांच्यासाठी दोन ओळी. देशातल्या देशात जायचं म्हणून पॅक लागत नाही हे बरोबर. किनारा जवळ असेपर्यंत आपलंच नेटवर्क येतं, लक्षद्वीपला बीएसएनएल आणि एअरटेल चालतं. पण जहाजावर उपग्रहाचा टॉवर असेल तर त्याला मुंबई-मार्मागोवा कळत नाही, तो ९०१ च आणि त्याचं बिल परदेशासारखंच. भर समुद्रात फ्लाइट मोड तिथंही हवा. आणि मार्गात श्रीलंकेचं बंदर असेल तर ते सरळ परदेश.

तर सर, तुमचा खर्च होतो दोन जागी: एका फोनचा थोड्या दिवसांचा रोमिंग पॅक, आणि मिळालं तर चौथ्या दिवसाचं एका फोनचं वायफाय. एका दिवसाचं मिळत नसेल आणि पूर्ण प्रवासाचंच घ्यावं लागत असेल, तर मी तुम्हाला वायफाय घेऊच नका म्हणेन. फुकेत सुटल्यापासून सिंगापूर दिसेपर्यंतचा तेवढाच काळ. निघताना डेकवरून आईंशी बोला, उतरल्यावर बोला, मध्ये तो कागद आहे. आई आजारी असत्या, किंवा औषधपाण्याचं रोजचं विचारायचं असतं, तर मी उलट सांगितलं असतं: पैसे जाऊ देत, पूर्ण प्रवासाचं घ्या, मन शांत राहील. ते ठरवायला तुम्हीच पाहिजे.

वहिनींकडे बटणाचा साधा फोन आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय आणि तो न्यायचा का विचारलंय. न्या, सिंगापुरात चुकामूक झाली तर उपयोगी पडेल. पण त्यावर पॅक घेऊ नका, आणि जहाजावर चढताना तो पूर्ण बंद करून बॅगेत टाका. असल्या बऱ्याच फोनात फ्लाइट मोड मेनूत इतका आत असतो की सापडेपर्यंत जहाज निघतं. जहाजावर एकमेकांना शोधायला केबिनमधला फोन आहे, जहाजातल्या जहाजात तो फुकट असतो. आणि जेवणाच्या हॉलबाहेर भेटायची एक जागा पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.